पाण्यावर चालणारी मोटार आणि ‘दडपलेल्या’ इंधनांची कथा

एप्रिल १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड भागातील फार्मिंगडेल गावी लुईस एन्रिक्ट नावाच्या वृद्ध गृहस्थाने पत्रकारांना घरी बोलावले, मोटारीची टाकी रिकामी असल्याची त्यांच्याकडूनच खात्री करून घेतली आणि पाण्यात हिरवट द्रव मिसळून ते टाकीत ओतले. इंजिन सुरू झाले. महायुद्धाच्या त्या काळात पेट्रोल महागलेले असल्यामुळे बातमी वाऱ्यासारखी पसरली. त्या मिश्रणाला कडू बदामासारखा उग्र वास येत होता. त्या वासाआड ॲसिटोनसारखे ज्वलनशील रसायन झाकलेले असावे, असा तर्क पुढे मांडला गेला. एन्रिक्ट यांनी आपले सूत्र कधीच उघड केले नाही आणि काही वर्षांनी पीटपासून (दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीपासून) पेट्रोल काढण्याच्या दुसऱ्या योजनेत गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल त्यांना तुरुंगात जावे लागले.

या प्रकारात अजून कटाचा सूर नव्हता. तो मिसळला चार्ल्स नेल्सन पोग यांच्या कार्बुरेटरमुळे, म्हणजे इंधन हवेत मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागामुळे. कॅनडातील विनिपेगच्या या संशोधकाने १९३० च्या दशकात इंधनाची पूर्ण वाफ करून ती इंजिनात सोडणाऱ्या रचनेची पेटंटे मिळवली आणि एका गॅलनमध्ये २०० मैल धावणाऱ्या गाडीची चर्चा सुरू झाली. ती गाडी बाजारात आली नाही, तेव्हा तेल कंपन्यांनी शोध विकत घेऊन कुलपात ठेवला असे लोक म्हणू लागले. वस्तुतः पेटंट म्हणजे दडवणे नव्हे, तर जाहीर करणे: मुदतीपुरत्या मक्तेदारीच्या बदल्यात संशोधकाला आपली रचना आकृत्यांसह उघड करावी लागते. पोग यांच्या पेटंटांची मुदत १९५० च्या दशकात संपली आणि तेव्हापासून ती रचना कोणालाही बनवता येते. शिवाय साध्या इंजिनातही जवळजवळ सगळे पेट्रोल जळतेच. ऊर्जा वाया जाते ती धुराबरोबर आणि रेडिएटरमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या रूपाने, त्यामुळे इंधनाची वाफ कितीही चांगली केली तरी मायलेज अनेक पटींनी वाढणे शक्य नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पंपांवर रांगा लागल्या, कंपन्यांचे नफे मात्र फुगले, आणि या संशयाला नवे बळ मिळाले. याच वातावरणात ओहायोच्या स्टॅन्ली मेयर यांनी पाण्यावर धावणाऱ्या ‘ड्यून बग्गी’ प्रकारच्या मोटारीचा दावा केला. दोन गुंतवणूकदार न्यायालयात गेले. तज्ज्ञांनी यंत्र तपासले तेव्हा त्यात नेहमीच्या विद्युत् अपघटनापलीकडे (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करण्यापलीकडे) काही आढळले नाही, आणि १९९६ मध्ये न्यायालयाने ही उघड फसवणूक ठरवून २५,००० डॉलर परत करण्याचा आदेश दिला. मार्च १९९८ मध्ये एका उपाहारगृहात मेयर अचानक कोसळले. मरण्यापूर्वी आपल्यावर विषप्रयोग झाल्याचे ते म्हणाले होते. शवचिकित्सेत मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार हे कारण निघाले. पण अंतिम शब्द जेवढे पसरले, तेवढा अहवाल पसरला नाही.

पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. त्यातून एक किलो हायड्रोजन सोडवायला आदर्श स्थितीतही सुमारे ३९ युनिट ऊर्जा घालावी लागते आणि तो जाळल्यावर जास्तीत जास्त तेवढीच परत मिळते. हा हिशेब कोणत्याही कंपनीच्या इच्छेवर अवलंबून नाही. तमिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी १९९६ मध्ये वनस्पतीपासून पेट्रोल केल्याचा दावा केला तेव्हाही देशभर अशीच आशा उसळली होती. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

तरीही या कथांवर विश्वास ठेवणाऱ्यांना भाबडे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण कंपन्यांवरचा त्यांचा संशय निराधार नाही. १९४९ मध्ये जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि काही तेल कंपन्या शहरी वाहतूक कंपन्यांना बस व इंधन विकण्याची मक्तेदारी मिळवण्याच्या कटात दोषी ठरल्या. जनरल मोटर्सला दंड झाला तो अवघा ५,००० डॉलरचा.

याहून गंभीर प्रकरण शिशाचे आहे. इंजिनातील ‘नॉकिंग’, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, अल्कोहोल मिसळून थांबते हे जनरल मोटर्सचे संशोधक थॉमस मिजली यांना ठाऊक होते, पण अल्कोहोल कोणीही गाळू शकत होता. १९२१ मध्ये त्यांना त्यासाठी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले: मात्रा अगदी थोडी, आणि पेटंट आपले. जनरल मोटर्स व स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून काढलेल्या कंपनीने ते ‘एथिल’ या नावाने विकले, ज्यात शिशाचा उल्लेखच नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे शुद्धीकरण कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्याच राज्यातील डीपवॉटरच्या कारखान्यात बाधित कामगार हवेत नसलेले किडे पकडू पाहत, म्हणून त्या इमारतीला ‘फुलपाखरांचे घर’ असे नाव पडले होते. १९२५ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने परिषद बोलावली, तिथे डॉक्टरांनी उघड इशारे दिले, वर्तमानपत्रांत सगळे छापून आले, आणि तरी थांबवलेली विक्री पुन्हा सुरू झाली. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली.