गुप्तधन-नरबळी खटल्यातील जन्मठेपेचा कैदी (मराठवाडा)

मांत्रिकाच्या, भगताच्या किंवा देवऋष्याच्या शब्दावरून खून करून जन्मठेप भोगणारा अनुयायी. खड्डा खणणारा, मूल उचलून आणणारा, हत्यार चालवणारा बहुधा हाच असतो. सांगणारा मागे राहतो, आणि खटल्यात नेमका हाच फरक निर्णायक ठरतो.

मराठवाड्यात पडक्या गढ्या, ओसाड वाडे आणि हेमाडपंती देवळे गावोगाव आहेत. निजामी राजवटीत, रझाकारांच्या धामधुमीत लोकांनी पुरलेल्या सोन्याच्या हंड्यांच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात. समजूत अशी, की धन पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाला दिसते, त्यावर राखणदार बसलेला असतो आणि तो काही घेतल्याशिवाय हलत नाही. सुरुवात लिंबू-नारळाने होते, मग काळा कोंबडा, मग बोकड. खड्डा रिकामा निघाला की मांत्रिक खोटा ठरत नाही. ‘विधीत चूक झाली’ एवढेच ठरते आणि मागणी वाढते. अनुयायी सहसा याच पायरीवर अडकतो, कारण तोवर त्याने शेत गहाण ठेवलेले असते. धन खरोखर सापडले, तरी १८७८ च्या कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.

परभणी जिल्ह्यातले मानवत हत्याकांड हे याचे सर्वांत काळेकुट्ट उदाहरण. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात, ऐन दुष्काळात, तिथे १० बायका-मुलींचे खून झाले. बळींमध्ये दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या आणि एक तान्हे मूलही होते. तपास गुन्हे अन्वेषण विभागाचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. गुप्तधन आणि संतती यांसाठी हे झाल्याचे सरकार पक्षाचे म्हणणे होते. कटाचे सूत्रधार म्हणून आरोप झालेले दोघे मात्र वरच्या न्यायालयांत निर्दोष सुटले. शिक्षा टिकल्या त्या इतरांच्या. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल आजही दोन मुद्द्यांसाठी वाचला जातो: माफीच्या साक्षीदाराच्या (माफीच्या बदल्यात साक्ष देणाऱ्या कटातल्याच साथीदाराच्या) जबाबाला स्वतंत्र पुष्टी हवी, आणि शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचे म्हणणे ऐकायला हवे.

सूत्रधार सुटतो तो इथेच. आज्ञा अंधारात, तोंडी दिलेली असते. ती सांगणारा साक्षीदार म्हणजे कटातलाच कोणीतरी. अनुयायाविरुद्ध मात्र हत्यार, रक्ताचे कपडे, निवेदन पंचनामा (आरोपीने दाखवलेली वस्तू पंचांसमोर जप्त केल्याची नोंद) असा ठोस पुरावा असतो. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, तिच्यातून प्रत्यक्ष जप्त झालेली वस्तू चालते. पंच फितूर झाले की तीही डळमळते. श्रद्धेने केले, हा बचाव होत नाही. समान उद्देश सिद्ध झाला की मारणारा आणि धरून ठेवणारा दोघांना सारखीच शिक्षा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची ६ महिने ते ७ वर्षांची कैद खुनाच्या शिक्षेपुढे किरकोळ आहे. त्या कायद्याचा खरा उपयोग खुनाआधी, पहिली अघोरी पूजा मांडली तेव्हाच व्हायला हवा.

शिक्षा लागली की न्यायाधीन बंदी (खटला चालू असलेला कैदी) सिद्धदोष (शिक्षा झालेला) होतो. मराठवाड्यातले अनेक जण छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) हर्सूल मध्यवर्ती कारागृहात जातात. ‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षे’, ‘आत दिवस आणि रात्र वेगळे मोजतात’ असे बराकीत नव्याला हमखास सांगतात. दोन्ही चूक. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या निकालापासून स्पष्ट आहे. १४ वर्षे ही खुनाच्या जन्मठेपेत सुटकेचा विचार सुरू होण्याची किमान मर्यादा. तीही माफीचे दिवस (चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत मिळणारी सूट) न धरता, प्रत्यक्ष भोगलेली.

पहिली काही वर्षे अपिलात जातात. घरचे मुलाखतीला येतात, मग वकिलाचे पैसे संपतात तशा खेपा कमी होतात. गळाभेटीच्या दिवशी जाळीशिवाय लेकरू मांडीवर घेता येते. त्या दिवसासाठी कैदी अंगावरचे कपडे आदल्या रात्री धुऊन ठेवतात.

या कैद्याचे घोडे सर्वाधिक अडते ते रजेवर. संचित रजेचा (फर्लो) अर्ज कारागृहातून गावच्या पोलीस ठाण्याला जातो. बळीचे आईबाप त्याच गल्लीत राहत असतात, त्यामुळे ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ असा अहवाल येतो आणि अर्ज नामंजूर होतो. जामीनदार दुसऱ्या गावचा, बहिणीकडचा किंवा मामाकडचा दिला आणि राहण्याचा पत्ताही तिथलाच लावला तर मंजुरीची शक्यता वाढते. आईवडील वारल्यास तातडीची अभिवचन रजा (पॅरोल) वेगळी मागता येते. परतायला उशीर झाला की माफीचे दिवस कापले जातात, पुढची रजाही अवघड होते.

वर्तणूक चांगली राहिली तर पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीकामाला जाता येते. तिथे माफीही जास्त मिळते. मुदतपूर्व सुटकेची फाईल मात्र गुन्ह्याच्या प्रवर्गावर ठरते. बळी लहान मूल असले, कट आधी रचलेला असला, क्रौर्य असले की शासन अधिक वर्षे भोगल्यावरच सुटका देणारा प्रवर्ग लावते. पोलिसांचा आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचा अभिप्राय मागवला जातो. त्या वेळी अनुयायी होता की सूत्रधार, हे निकालपत्रात स्पष्ट लिहिलेले असेल तरच विचारात येते. म्हणून निकालाची प्रत कैद्याने पहिल्या वर्षीच जपून ठेवावी.