'हातात आहे काय?' : क्लासिकल गिटारच्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

"सर, पोराच्या हातात हाय काय ते जरा बघा की. मग गिटार घेऊ." बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत गिटारचा क्लास चालवणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. पेटी-तबल्याच्या मास्तरांना आपल्या आजोबांनीही हेच विचारलं होतं. आता नायलॉनच्या तारांची गिटार मांडीवर घेऊन, डावा पाय स्टुलावर ठेवून, पाश्चात्त्य स्वरलिपीवरून वाजवणारी मुलं सीमाभागातही दिसू लागली आहेत आणि जुना प्रश्न नव्या वाद्यापुढे उभा राहिला आहे. उपजत असावं लागतं, की रियाजाने येतं? आणि रियाजाने बोटं पळायला लागली, तरी वाजवण्यात जीव कुठून येतो?

माझ्या मते हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. हातात काय आहे ते शिकायच्या आधी कळत नाही. या वाद्याचा इतिहास पाहिला तर मोठमोठ्या वादकांच्या बाबतीतही ते आधी कळलं नव्हतं.

फ्रान्सिस्को तार्रेगाचंच पाहा. आधुनिक क्लासिकल गिटारवादनाचा पाया घालणारा हा माणूस १८५२ साली स्पेनमधल्या व्हिलारेआलला जन्मला. लहानपणी एका अपघातात त्याच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. पोराची नजर गेली तर निदान वाजवून पोट तरी भरेल, या विचाराने वडिलांनी त्याला संगीत शिकायला घातलं. त्याचे सुरुवातीचे दोन्ही शिक्षक अंध होते. तिथे कुणी पोराचा हात पाहून निर्णय घेतला नव्हता.

आता आपल्याकडे या. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळेचं शिक्षण थांबलं आणि त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवण्यात आलं. याच मुलाने पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज बेळगावातली मुलं 'प्रारंभिक', 'प्रवेशिका', 'विशारद' अशा ज्या परीक्षा देतात, त्यांचं मूळ तिथलं. कुरुंदवाड आणि व्हिलारेआल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हीकडे घडलं ते एकच : दुसरे रस्ते बंद झाले म्हणून मूल गुरूपर्यंत पोहोचलं आणि प्रतिभा दिसली ती त्यानंतर. नजर धड असलेली, तितक्याच गुणांची किती मुलं दोन्हीकडे गाण्याच्या वाटेला कधी गेलीच नसतील, याचा हिशेब कुणाकडे नाही.

दुसरी गोष्ट वाद्याची. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो, तिचा आकार ठरवला अल्मेरियाजवळ १८१७ साली जन्मलेल्या अंतोनियो दे तोर्रेस या सुताराने. त्याने गिटारचं पोट मोठं केलं, तारेची लांबी ६५ सेंटीमीटरच्या आसपास स्थिर केली आणि वरच्या फळीखाली पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पट्ट्या बसवण्याची पद्धत पक्की केली. गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे दाखवायला त्याने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार बनवली. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवली आहे. साधारण त्याच काळात आपल्या मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर सतार-तंबोऱ्याकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तार्रेगाच्या हाती तोर्रेसची गिटार तरुणपणीच आली. ती आली नसती, तर त्याच्या डोक्यातला नाद कानांवर पडला असता का? सीमाभागातल्या मुलाला सहसा दुकानात मिळते ती स्टीलच्या तारांची, सिनेमाची गाणी वाजवायची गिटार. तिची मान अरुंद, तारा कडक. तिच्यावर फर्नांदो सोर या जुन्या स्पॅनिश गिटारकाराची रचना वाजवायला लावायची आणि मग हातात नाही म्हणायचं, हा त्या पोरावर अन्याय आहे.

रियाजाचा इतिहास मात्र खूप सविस्तर उपलब्ध आहे, कारण गिटारवाल्यांनी तो लिहूनच ठेवला. माउरो ज्युलियानी या इटालियन गिटारवादकाने १८१२ साली व्हिएन्नात उजव्या हाताचे १२० पाठ छापले. ते सगळेच्या सगळे फक्त दोन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोनच जुळण्यांवर! डाव्या हाताला जवळजवळ विश्रांती आणि उजव्या हाताने एकशेवीस वेगवेगळ्या क्रमांनी तारा छेडायच्या. आपल्या पलट्यांवर वाढलेल्या माणसाला हे लगेच समजतं. फर्नांदो सोरचा विचार वेगळा होता. त्याने सरावाचे पाठ असे लिहिले की तेच मैफिलीत वाजवावेत. हात कमावण्याचा आणि कान कमावण्याचा वेळ त्याने वेगळा ठेवला नाही. मला स्वतःला सोरची वाट अधिक पटते. ज्युलियानीचे पाठ महिनोन्महिने घोटून बोटं पळतात खरी, पण ती पोरं पुढे साधी सुरावटही व्यायामासारखी वाजवतात, हे मी पुष्कळदा ऐकलं आहे.

सोर आणि त्याचा मित्र दियोनिसियो अग्वादो यांच्यात एक जुना मतभेद होता : तार नखाने छेडायची की बोटाच्या मांसल टोकाने? सोर नखं वापरत नसे, अग्वादो वापरत असे. सोरचं वादन ऐकल्यावर अग्वादोने अंगठ्याचं नख तेवढं सोडून दिलं. तार्रेगाने तर आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नखं कापून टाकली आणि नुसत्या बोटांनी वाजवायला सुरुवात केली. बाहेरच्याला हा वाद बारीक वाटेल, पण या वाद्यातली सगळी कलाकारी त्या एक-दोन मिलिमीटरमध्ये आहे.

ते नख जवळून पाहायला हवं. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांची नखं बोटाच्या टोकापुढे किंचित वाढवायची, आधी कानशीने आकार द्यायचा, मग अगदी बारीक पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करायची. तार आधी बोटाच्या मांसाला टेकते, मग नखाच्या कडेवरून उतारावरून घसरावी तशी सुटते. कडेला सुईच्या टोकाएवढा खडबडीतपणा राहिला तरी आवाजात करकर येते. कोन थोडा बदलला, हात भोकावरून घोडीकडे सरकला, की तोच स्वर मऊचा धारदार होतो. खानापूरकडची मुलं जुलैत घरच्यांबरोबर रोप लावायला चिखलात उतरतात आणि महिन्याभरात नखांची वाट लागते. काही वादक तुटलेल्या नखाच्या जागी टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून चिकटवतात. पण मी अशा मुलांना सोरची आणि तार्रेगाची गोष्ट सांगतो. नख गेलं म्हणून वाजवणं थांबवायचं कारण नाही, भाताच्या दिवसांत मांसल टोकाचा नाद शोधावा.

या वाद्याची आणखी एक अडचण आहे. छेडलेला स्वर लगेच विझू लागतो. गळ्यासारखा तो लांबवता येत नाही, सतारीसारखी तार ओढून लांब मींडही घेता येत नाही. तार्रेगाने 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा' या रचनेत यावर ट्रेमोलोचा उपाय वापरला : अंगठा खालचा स्वर धरतो आणि अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकापाठोपाठ एक वरच्या एकाच तारेवर पडतात, इतकी सारखी की ऐकणाऱ्याला अखंड सूर वाहत असल्याचा भास होतो. हे साधायचं तर आधी ठाय लयीतच बसवावं लागतं. तिन्ही बोटांचं वजन सारखं झाल्याशिवाय लय वाढवली की ट्रेमोलो लंगडतो आणि एकदा लंगडा बसलेला हात सुधारायला दुप्पट वेळ जातो. तबल्याच्या मास्तरांकडे चार वर्षं काढून आलेलं पोर इथे पुढे असतं, हे मी ठामपणे सांगू शकतो.

यानंतर येतो आंद्रेस सेगोव्हिया, आणि 'उपजत की कमावलेलं' या वादाला आजचं रूप देणारा माणूस तोच. १८९३ साली लिनारेसला जन्मलेल्या या मुलाच्या काळात गिटार हे गुत्त्यातलं वाद्य मानलं जाई. घरच्यांचा विरोध होता. आपणच आपले गुरू आणि आपणच शिष्य, असं तो आयुष्यभर सांगत राहिला आणि जगाने त्यावर विश्वास ठेवला. पण हे पूर्ण चित्र नाही. तार्रेगाचा शिष्य मिगेल ल्योबेत याच्या सहवासात तो बार्सिलोनात राहिला होता आणि पुष्कळ रचना त्याने ल्योबेतकडूनच उचलल्या. १९२४ साली पॅरिस आणि १९२८ साली न्यूयॉर्क त्याने जिंकलं. १९३५ साली बाखची मूळ व्हायोलिनसाठी लिहिलेली 'शाकोन' ही रचना गिटारवर वाजवून त्याने जाणकारांना हलवलं. हे सगळं करणारा माणूस विद्यार्थ्यांना काय सांगत होता? रोज दोन तास स्वरसप्तकांचा सराव करा. १९५३ साली त्याने सप्तकांचं जे छोटं पुस्तक छापलं, त्यात हेच आहे. नव्वदी ओलांडल्यावरही तो मंचावर बसत होता. ज्याला सगळे दैवी देणगी म्हणत, त्याचा स्वतःचा भरवसा रोजच्या सरावावर होता.

त्याच्याच काळात तारा बदलल्या. पूर्वी वरच्या तीन तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा तुटवडा पडला आणि न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा बनवल्या. आपल्या पावसाळी हवेत आतड्याची तार किती दिवस टिकली असती, ते बेळगावकरांना वेगळं सांगायला नको.

शिक्षणाची दारं तरीही उशिरा उघडली. ज्युलियन ब्रीम लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये पियानो आणि चेलो शिकला, कारण तिथे गिटार शिकवतच नव्हते. विसाव्या शतकातला एवढा मोठा वादक, आणि त्याच्या वाद्याला त्याच्याच कॉलेजात जागा नव्हती! आपण मात्र ताडकन म्हणतो की बेळगावात क्लासिकल गिटारला गुणी मुलं नाहीत.

गुणी मुलांचा विषय निघालाच तर सुळेभावीचं नाव घ्यावंच लागतं. बेळगावजवळच्या या गावात ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ जन्मला. घर कन्नड भाषकांचं. ग्रामोफोनवर ऐकलेल्या मोठ्या गवयांच्या तबकड्या हा मुलगा हुबेहूब गाऊन दाखवी. सात-आठ वर्षांच्या या पोराला 'कुमार गंधर्व' म्हणू लागले. उपजत देणगीचं याहून लख्ख उदाहरण आपल्या भागात नाही. पण पुढचंही बघावं. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांना वर्षानुवर्षं तालीम मिळाली, नाना घराण्यांची गायकी समोर आली. मग क्षयाने गाठलं आणि देवासला काही वर्षं गाणंच बंद झालं. त्या सक्तीच्या शांततेत त्यांनी माळव्यातली लोकगीतं कान देऊन ऐकली आणि पुन्हा गायला लागले तेव्हा ते गाणं कुणाचीच नक्कल नव्हतं. नक्कल करणारा गळा देणगीचा होता. पण ज्यासाठी आपण आज त्यांना आठवतो, ते त्या देणगीत आयतं नव्हतं.

संशोधकांनी हा प्रश्न आकड्यांत पकडायचा प्रयत्न केलाच. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत उत्तम विद्यार्थ्यांचा एकट्याने केलेला सराव सरासरी ७,४०० तासांच्या आसपास होता, चांगल्यांचा ५,३००, तर शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा ३,४००. उत्तम मुलं दुपारी झोपही जास्त घेत. यातूनच पुढे दहा हजार तासांचा लोकप्रिय मंत्र निघाला, जो मूळ अभ्यासात नियम म्हणून कुठेच नाही. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर संगीतातल्या कौशल्याच्या फरकापैकी २१ टक्के फरक अशा सरावाने समजावता येतो, असं दिसलं. बाकीचं सगळं देणगी, असा अर्थ मात्र काढू नये. सुरुवातीचं वय, गुरू, वाद्य, घरातलं वातावरण, ऐकलेलं संगीत, सगळं त्या उरलेल्यात येतं.

सीमाभागाकडे या दृष्टीने पाहिलं तर आपल्या बाजूला बरंच काही आहे. एका हाताला धारवाड-हुबळी, दुसऱ्या हाताला मिरज. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, अब्दुल करीम खाँ ही नावं इथल्या घरांत पाहुण्यांसारखी नाहीत, घरच्यांसारखी घेतली जातात. पहाटेचा खर्ज इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, जिथे चर्चच्या शाळांनी पिढ्यान्पिढ्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवलं. बेळगावच्या कॅम्पात गोव्याहून आलेली ख्रिस्ती कुटुंबं, चर्चमधली गिटार आणि मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड हेही याच गावचे आवाज. कानाची परंपरा आणि कागदाची परंपरा इतक्या जवळ जवळ नांदणारी गावं थोडी असतील. तरी एका परंपरेतलं मूल दुसरीच्या दारात क्वचितच जातं. पेटीवर वाढलेलं पोर स्वरलिपी बघून बिचकतं, चर्चमध्ये वाजवणाऱ्याला सहा महिने एकच पलटा घोटणं कंटाळवाणं वाटतं.

सोर, ज्युलियानी, तार्रेगा यांच्या रचनांवर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही, त्या मोबाईलवर फुकट मिळतात. उणीव आहे ती समोर बसून उजवा हात ऐकणाऱ्या कानाची आणि ऐकायच्या जागेची. या गिटारचा आवाज लहान आहे. सेगोव्हियाने ती मोठ्या सभागृहांत नेली, पण तार्रेगाला मोजक्या माणसांपुढे घरात वाजवणंच आवडे. आपल्याकडे बेळगावच्या शहापुरातल्या वाड्यांत तीस-चाळीस माणसं सतरंजीवर बसून माइकशिवाय गाणं ऐकत आली आहेत. पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना परीक्षकाआधी अशी एक बैठक द्यावी, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्यानंतर एखाद्या ज्येष्ठ गायकाला बसवावं, म्हणजे ऐकायला येणारे आपोआप येतील.