ॲव्हरोची जागा भरायला लागलेली वर्षं
२८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि स्पेनचे पंतप्रधान बडोद्यात आले, टाटांच्या सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, बोलणी लक्ष्मीविलास राजवाड्यात झाली. दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. पण या कारखान्याचं घोडं किती वर्षं अडलं होतं, ते फारसं कोणी बोललं नाही.

ही विमानं ज्यांची जागा घेणार, ती हवाई दलाची ॲव्हरो मालवाहू विमानं साठच्या दशकातली. पहिलं कानपूरला बनलं आणि १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं. त्याला मागच्या बाजूने खाली उघडणारा रॅम्प नाही, त्यामुळे जीप थेट आत चढवता येत नाही. विमान बदलायला हवं यावर दुमत नव्हतंच. प्रश्न होता, बनवणार कोण?

१९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रास्त्रं आणि विमाननिर्मिती सरकारच्या हाती ठेवली. २००१ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं, परकी भांडवल २६ टक्क्यांपर्यंत. दार उघडलं खरं, पण अख्खं लष्करी विमान खासगी कंपनीकडे सोपवण्याची हिंमत पुढची बरीच वर्षं कोणी केली नाही.

ती २०१२ मध्ये झाली. छप्पन विमानं घ्यायची, सोळा तयार आणायची, चाळीस इथे बनवायची. परदेशी कंपनीने भारतीय खासगी भागीदार निवडायचा. म्हणजे सरकारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स स्पर्धेबाहेर. अवजड उद्योग खात्याने आक्षेप घेतला, फायली फिरल्या. निविदा आठ कंपन्यांना गेली. बोली आली एकच, एअरबस आणि टाटांची. एकच बोली आली की आपल्याकडे अधिकाऱ्यांचा हात सहीसाठी उठत नाही. उद्या चौकशी लागली तर? मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, मे २०१५ मध्ये, संरक्षण खरेदी परिषदेने हीच बोली पुढे नेली. तरी करार व्हायला २४ सप्टेंबर २०२१ उजाडला. किंमत सुमारे २१,९३५ कोटी रुपये. माझ्या मते या उशिरात विमानाचा दोष जवळपास नव्हताच, सगळा घोळ निर्णयाचा होता.

कारखाना बडोद्यात आला हे योग्यच झालं. ॲव्हरो चालवणारी ११ क्रमांकाची स्क्वाड्रन इथलीच, आणि स्पेनमधल्या सेव्हिलहून आलेलं पहिलं सी-२९५ सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्याकडेच आलं. एकाहत्तर सैनिक किंवा पाचेक ते दहा टन माल, कच्च्या धावपट्टीवरूनही. सोळाही विमानं ऑगस्ट २०२५ पर्यंत मिळाली. आता पाळी बडोद्याची. करारानुसार इथलं पहिलं विमान सप्टेंबर २०२६ मध्ये आणि शेवटचं ऑगस्ट २०३१ पर्यंत द्यायचं आहे. सुटे भाग हैदराबादेत बनतात, जुळणी इथे. छप्पनचा आकडा पूर्ण झाल्यावर, सरकारची परवानगी असेल त्या देशांना ही विमानं विकायची मुभाही करारात आहे.