तिसऱ्या दिवसाची सुई

गेल्या पावसाळ्यात आत्याला डेंगीमुळे ॲडमिट करावं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ट्रे घेऊन आल्या. "आजी, आज सुई बदलायची." आत्याने हात पांघरुणात ओढून घेतला. "चाललीय की नीट! दुखत नाही, सुजलं नाही. उगाच कशाला काढताय?" सिस्टर म्हणाल्या, "बहात्तर तास होत आले ना, आजी. नियम आहे."

नवी सुई लागेपर्यंत दोनदा टोचून झालं. प्लेटलेट उतरलेल्या, त्यामुळे फसलेल्या जागी रुपयाएवढा काळानिळा डाग उठला. तो डाग आत्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होती.

"उगाच कशाला काढताय?" हा आत्याचा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या काही परिचारिकांनाही पडला होता. त्या नियमापाशी थांबल्या नाहीत, त्यांनी मोजायला घेतलं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हातात राहते ती सुई नसतेच. धातूची सुई शीर सापडताच बाहेर काढतात. आत राहते ती तिच्यावर चढवलेली मऊ प्लास्टिकची बारीक नळी. वॉर्डात तिला इन्ट्राकॅथ, व्हेनफ्लॉन किंवा नुसतं 'आयव्ही' म्हणतात. तिची जाडी टोपणाच्या रंगावरून ओळखतात: गुलाबी असेल तर वीस नंबर, निळा असेल तर बावीस. या नळीमुळे दोन तऱ्हेचे त्रास होऊ शकतात. पहिला म्हणजे शिरेचा दाह, फ्लेबायटिस. जागा लाल होते, दुखते, कधी शीर दोरीसारखी कडक हाताला लागते. हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा नळी काढली की बरं होतं. दुसरा त्रास क्वचित होतो, पण जिवावर बेततो. त्वचेवरचे जंतू नळीच्या वाटेने थेट रक्तात शिरतात. हे दोन त्रास वेगवेगळे ठेवायला हवेत. सगळी गोष्ट पुढे त्यावरच फिरते.

बहात्तर तासांचा नियम या भीतीतूनच आला. नळी जितके दिवस जास्त, तितका दाह जास्त, असं जुन्या निरीक्षणांत दिसलं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००२ साली ७२ ते ९६ तासांनी नळी बदलायला सांगितलं. जगभरच्या वॉर्डांत हा आकडा पाठ झाला.

निरीक्षण खोटं नव्हतं. गडबड त्याच्या अर्थात होती. पुण्याहून कोल्हापूरला जाताना जितके किलोमीटर जास्त, तितका अपघाताचा संभव जास्त, हे खरंच. म्हणून साताऱ्याला गाडी बदलली तर उरलेला रस्ता सुरक्षित होतो का? होत नाही, कारण किलोमीटर तेवढेच राहतात. गाडी बदलून फायदा होईल तो फक्त जुनी गाडी दर किलोमीटरला जास्त धोकादायक होत चालली असेल तरच. नळीचंही तसंच. खरा प्रश्न असा होता, की चौथ्या दिवसाचा धोका दुसऱ्या दिवसाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो का? १९९८ साली स्वित्झर्लंडमधल्या काही डॉक्टरांनी रोजचा धोका वेगळा काढून पाहिला, तेव्हा तो दिवसागणिक वाढताना दिसला नाही. आणि नवी नळी म्हणजे त्वचेला नवं भोक, हे तर गाडीच्या उदाहरणात मावतही नाही.

पण अशा निरीक्षणांना एक खोट असते. ज्याची शीर चांगली, त्याचीच नळी पाच-सहा दिवस टिकते. ज्याच्या शिरा नाजूक, त्याची दुसऱ्याच दिवशी 'आउट' होते, म्हणजे शिरेबाहेर सरकते. मग पाचव्या दिवसापर्यंत पोचलेल्या नळ्या निरोगी दिसल्या तर त्यात नवल काय? ही खोट घालवायची तर कोणाची नळी बदलायची आणि कोणाची ठेवायची हे डॉक्टरने किंवा नर्सने ठरवायचं नाही. चिठ्ठी टाकून ठरवायचं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये जोन वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी ७५५ रुग्णांवर असं करून पाहिलं आणि २००८ साली निष्कर्ष छापले. ठरलेल्या दिवशी बदलून लक्षात येईल असा फायदा दिसला नाही. पुढे नर्सिंगच्या प्राध्यापक क्लेअर रिकार्ड यांनी ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडच्या तीन रुग्णालयांत हाच प्रयोग मोठा करून केला आणि २०१२ मध्ये तो 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एकूण ३,२८३ रुग्ण आणि ५,९०७ नळ्या. एका गटाची नळी दर तिसऱ्या दिवशी बदलायची, दुसऱ्याची फक्त दुखलं, सुजलं, अडलं किंवा काम संपलं तरच काढायची.

दुसऱ्या गटात १,५९३ पैकी ११४ जणांना दाह झाला. पहिल्या गटात १,६९० पैकी, पुन्हा ११४. दोन्हीकडे ७ टक्के. आकडा सारखाच आला हा योगायोग, पण लक्षात राहायला सोयीचा! नळीमुळे रक्तात जंतू गेल्याचा प्रकार एकच घडला, तोही नियमाने बदलणाऱ्या गटात.

त्यानंतर वारं फिरलं. इंग्लंडच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी नेमाने नळी बदलणं थांबवायला सांगितलं. पण त्याच सूचनांत दर पाळीला जागा पाहा आणि नोंद करा, असंही लिहिलेलं होतं. वाचणाऱ्यांच्या डोक्यात पहिलं वाक्य पक्कं बसतं, दुसरं निसटतं, असा माझा कयास आहे.

इथपर्यंत ही छान गोष्ट आहे: जुना नियम, हुशार परिचारिका, प्रयोग, नवा नियम. मीही ती बरीच वर्षं अशीच सांगत होतो. मग जिनिव्हाचे आकडे आले.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांत आधी दर ९६ तासांनी नळी बदलत. एप्रिल २०१८ पासून त्यांनी नवी पद्धत धरली: लक्षण दिसलं तरच काढायची. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चार लाखांहून जास्त नळ्यांची नोंद आहे. जुन्या पद्धतीच्या काळात साधारण २ लाख ४१ हजार नळ्यांमागे रक्तातल्या जंतुसंसर्गाचे ११ प्रकार. नव्या पद्धतीच्या काळात १ लाख ३१ हजारांमागे ४६. म्हणजे कुठे बावीस हजारांत एक, आणि कुठे जेमतेम अठ्ठावीसशेत एक. रुग्णालय घाईने जुन्या पद्धतीवर परतलं, तेव्हा पुढच्या चाळीस हजार नळ्यांत एकच प्रकार निघाला.

मग ऑस्ट्रेलियाचा प्रयोग चुकला का? मला तसं वाटत नाही. त्याने विचारलं होतं दाहाबद्दल, आणि दाहाचं उत्तर चोख दिलं. अठ्ठावीसशेत एकदा होणारी गोष्ट सहा हजार नळ्यांत दोनदा दिसेल, एकदा दिसेल किंवा दिसणारही नाही. त्यावरून काही ठरवणं म्हणजे दोनदा नाणं उडवून ते खोटं आहे की खरं ते सांगण्यासारखं. वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात नऊ प्रयोग आणि ७,४१२ रुग्ण एकत्र केले होते. या प्रश्नापुढे तेही तोकडे पडतात.

उलट जिनिव्हात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांची ती तुलना होती, आणि दोन काळांत वॉर्डात इतरही काही बदललेलं असू शकतं. शिवाय प्रयोग चालू असताना जागेकडे बारकाईने पाहिलं जातं. रोजच्या कामात 'गरज पडली तर काढा' याचा अर्थ हळूहळू 'कोणी बोललं तर काढा' असा होत जातो. ठराविक तासांचा नियम ढोबळ असेल, पण तो विसरभोळ्या, थकलेल्या माणसालाही पाळता येतो. नव्या पद्धतीला प्रत्येक पाळीत डोळे लागतात.

आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगला संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय असतो. परीक्षा झाली की तो वहीतच राहतो, कारण वॉर्डात प्रश्न विचारायला कोणी बोलावत नाही. पण रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असताना लॅन्सेटमधली पद्धत जशीच्या तशी उचलायची की नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? क्वीन्सलंडच्या पुराव्यात तिच्या वॉर्डातली माणसांची संख्या धरलेली नाही. ती तिलाच मिळवायची असते: आपल्या वॉर्डात किती नळ्या लागतात, किती दुखतात, काम संपल्यावरही किती नुसत्याच हातात राहतात. या शेवटच्या नळ्यांबद्दल दोन्ही बाजूंचा वाद नाहीच, त्या काढायच्या असतात. सलाईन बंद होऊन दोन दिवस झाले तरी 'असू दे, लागली तर' म्हणून ठेवलेली नळी तुम्हीही पाहिली असेल. नातेवाइकांनी निदान एवढं तरी विचारायला हरकत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण मला ती आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. नळीवर पारदर्शक पट्टी असेल तर लाली वरून दिसते. आत्याच्या हातावर मात्र पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन थर होते, वर लहान मुलाच्या हाताला बांधतात तसा पुठ्ठा. त्याखाली काय चाललंय हे कोणाला दिसणार?

नवी नळी लागल्यावर दुसऱ्या रात्री बाराच्या राउंडला वेगळ्या सिस्टर आल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही की फाईलकडे. चिकटपट्टीवरून अंगठा हलकेच फिरवला, तेव्हा झोपेतही आत्याच्या कपाळावर आठी उमटली. "आउट झालंय," त्या म्हणाल्या आणि ट्रे आणायला गेल्या. ती नळी पुरते चाळीस तासही टिकली नव्हती.