ट्रेलरचे ब्रेक गेन वाढवून सुधारत नाहीत

अमेरिकेत गाडीमागे ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय: इलेक्ट्रिक ब्रेक कमी लागू लागले की गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला किती वीज जाते ते ठरवणारी सेटिंग, वाढवायचा. हा समज उतारावर जिवावर बेतू शकतो.

या ब्रेकमधला चुंबक स्वतः चाक थांबवत नाही. वीज मिळताच तो चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या सपाट भागाला चिकटतो, त्याच्यासोबत ओढला जातो, दांडी हलवतो आणि दांडी ब्रेक शू, म्हणजे घर्षणाचं अस्तर लावलेल्या वक्र पट्ट्या, ड्रमवर दाबते. शूचं अस्तरच झिजलं असेल, तर जादा वीज देऊन ते परत कुठून येणार?

म्हणून ट्रेलर भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नको, आणि ड्रम उघडा. धूळ हवेने उडवू नका. अस्तर जेमतेम दीड मिलिमीटर उरलंय किंवा ग्रीसने भिजलंय? शू बदला, मुरलेलं ग्रीस पुसून जात नाही. चुंबकावरच्या झिजेच्या खुणा नाहीशा झाल्या असतील तर तोही बदला, एकाच ॲक्सलवरची जोडी मिळून.

ब्रेक आपोआप ॲडजस्ट होणारे नसतील तर चाक हाताने फिरवत स्टार व्हील (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारी दातेरी चकती) आवळा, चाक जड झालं की किंचित घासेल इतपत सैल करा. गेनला हात लावायचा तो यानंतर, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात.