पनवेलच्या गाडीला सानपाडा कुठून आलं?

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल पकडली की तुर्भ्यापर्यंत वाशी काय नि पनवेल काय, स्टेशनं तीच, फाटा त्याच्यापुढे फुटतो, वाशीवाली सानपाड्याला जाते आणि पनवेलवाली जुईनगरला. आता हे पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायला घ्या. ठाणे ते तुर्भे अशी लिस्ट केली, नाव दिलं वाशी, आणि परत कोण टाईप करत बसणार म्हणून खाली लिहिलं पनवेल = वाशी. मग वाशीत सानपाडा अपेंड केलं, म्हणजे शेवटी जोडलं, पनवेलमध्ये जुईनगर, आणि प्रिंट मारलं तर दोन्हीकडे तुर्भे, सानपाडा, जुईनगर! एरर वगैरे काही नाही, तोच तर वैताग.

मेमरीत लिस्ट एकच आहे, बरोबरच्या चिन्हाने तिला फक्त दुसरं नाव चिकटलं. खात्री करायची तर वस्तूचा ओळख क्रमांक सांगणाऱ्या आयडी फंक्शनला दोन्ही नावं देऊन बघा, आकडा सेम येतो.

मग भाषा स्वतःच कॉपी का नाही करत? खर्च हो! लिस्टमध्ये प्रत्येक आयटमचा रेफरन्स, म्हणजे मेमरीतला पत्ता असतो; 64 बिट मशीनवर एक रेफरन्स 8 बाइटचा, म्हणजे 10 लाख आयटमच्या लिस्टचे नुसते रेफरन्स उचलायचे तरी 80 लाख बाइट, आणि ते फंक्शनला लिस्ट पाठवताना दरवेळी. स्विफ्ट या भाषेतला लिस्टसारखा अ‍ॅरे कॉपी झाल्यासारखा वागतो, पण खरी कॉपी कोणी बदल करेपर्यंत टाळतो, ही युक्ती मला जाम आवडते.

पायथॉनमध्ये कॉपी मेथड वापरली की सानपाडा-जुईनगरची भानगड मिटते. पण ही कॉपी वरवरची. प्रत्येक स्टेशन म्हणजे नाव, प्लॅटफॉर्म वगैरेची डिक्शनरी (एकेका नावाखाली एकेक माहिती ठेवणारी नोंद) असेल तर ऐरोलीची डिक्शनरी दोन्ही लिस्टमध्ये तीच राहते, इकडे बदलली की तिकडेही बदलते. यावर लोक लगेच डीपकॉपी सुचवतात, ती आतलं सगळं वेगळं करून देते, पण ऐरोली स्टेशन एकच आहे ना, मग दोन ऐरोल्या कशाला?

आणि 2024 च्या जानेवारीत ठाणे-ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव सुरू झालं, ते दोन्ही मार्गांवर दिसायला हवं. कॉपी केलेल्या लिस्टमध्ये ते दोनदा घालावं लागणार, एकीकडे राहिलं की संपलं. ठाणे-तुर्भे सामाईक लिस्ट ठेवून पुढची स्टेशनं अधिकच्या चिन्हाने जोडली तरी भागत नाही, कारण अधिकने नवी लिस्ट बनते आणि सामाईकमध्ये नंतर घातलेलं दिघा तिच्यात पोचतच नाही. त्यामुळे जोडलेली लिस्ट साठवूनच ठेवायची नाही, मार्ग मागितला की तेव्हाच जोडून देणारं दोन ओळींचं फंक्शन लिहायचं.