भुंग्यांची स्थाननोंद (गोवा)

भुंगे व इतर रानमाश्या कुठे घर करतात, कोणत्या फुलांवर येतात आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत दिसतात, याची जागेनुसार नोंद ठेवून नकाशा तयार करण्याची पद्धत. परागण करणाऱ्या कीटकांना वाचवायचे तर आधी ते कुठे आहेत हे कळावे लागते. हे काम पाश्चात्त्य देशांत मुख्यतः बम्बलबी या केसाळ माशीच्या निमित्ताने वाढले. ब्रिटनमध्ये ‘बीवॉक’ या उपक्रमात स्वयंसेवक मार्च ते ऑक्टोबर दरमहा एकाच ठरलेल्या वाटेने चालतात आणि दिसलेल्या बम्बलबी मोजतात. अमेरिकेत गंजक्या ठिपक्याची बम्बलबी २०१७ साली संकटग्रस्त ठरली, त्यामागेही संग्रहालयांतले जुने नमुने आणि नव्या नोंदी शेजारी ठेवून काढलेला हिशेब होता.

गोव्यात मात्र सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करावा लागतो. बम्बलबीचा ‘बॉम्बस’ हा वंश थंड हवेचा. भारतातल्या त्याच्या सुमारे ४८ जाती प्रामुख्याने हिमालयात आणि ईशान्येकडे आढळतात; कोकण-गोव्यात तो नाही. येथे लोक मोबाइलवर ‘बम्बलबी’ म्हणून ज्याचे छायाचित्र पाठवतात, तो बहुतेक वेळा झायलोकोपा वंशातला, लाकूड पोखरणारा भुंगा असतो. ओळख सोपी आहे. बम्बलबीचे पोट केसांनी भरलेले असते, भुंग्याचे पोट वरून जवळजवळ उघडे आणि काळे चकचकीत. बम्बलबीच्या मागच्या पायावर पराग साठवण्याची गुळगुळीत परडी असते, भुंग्याच्या पायावर नुसते दाट केस. काही जातींत नर पिवळट केसांचा आणि मादी काळी, त्यामुळे एकाच जातीची दोन नावांनी नोंद होण्याची चूक वारंवार घडते.

मराठीला हा भुंगा नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडे लाकूड सहज भेदणारा आणि कोवळ्या कळीत मात्र अडकून पडणारा भ्रमर येतो. लाकूड कोरणारा म्हणजे बम्बलबी नव्हे (ती बहुधा उंदरांच्या सोडलेल्या बिळांत किंवा गवताच्या गोळ्यांत राहते) आणि मधमाशीही नव्हे. दृष्टांतातला भ्रमर झायलोकोपाच असावा.

भुंग्याची मादी वाळलेल्या लाकडात बोटभर रुंदीचे गोल भोक पाडते आणि आत वळून तंतूंच्या दिशेने बोगदा काढते. त्यात परागाचा लाडू ठेवून त्यावर एक अंडे घालते, लाकडाच्या चोथ्याने पडदा घालते, मग पुढचा लाडू. एका बोगद्यात अशी मोजकीच पिल्ले होतात. मधमाशीच्या पोळ्यात हजारोंचा कारभार असतो. इथे एक वासा काढून टाकला तर त्या घराण्याचा हंगामच बुडतो. म्हणून गोव्यातल्या नकाशात फुलावर दिसलेला भुंगा आणि घराचे भोक यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. मोठे भुंगे चाऱ्यासाठी दूरवर उडतात, तेव्हा फुलावरची नोंद ‘इथे जेवायला आला’ एवढेच सांगते. ‘इथे राहतो’ हे सांगणारी खूण म्हणजे भोकाखाली पडलेला ताजा भुसा. वाळका पांगारा, कुंपणाचे खांब, कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) मेलेला माड, वाळलेला बांबू आणि जुन्या कौलारू घराच्या पडवीचे वासे या त्याच्या नेहमीच्या जागा. घरमालकाला तो आवडत नाही, यात नवल नाही.

शेतीशी त्याचा संबंध वांग्याच्या फुलावर पाहावा. वांग्याचे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. भुंगा परागकोशांच्या पिवळ्या सुळक्याला पायांनी मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्याची गुणगुण एकदम चढ्या पट्टीत जाते. पराग पोटावर सांडतो. सातेरी, आग्या, फुलोरी या मधमाश्यांना ही युक्ती जमत नाही. भुंग्यांना आणि निळ्या पट्ट्यांच्या अमेगिला माशीला जमते. वांग्याचे फूल स्वतःच्या परागानेही फळते, पण अशा हादऱ्याने फळधारणा वाढते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या, गोव्यातल्या आगशी गावच्या वांग्याविषयी माती आणि बियाणे यांवर खूप बोलले जाते, या थरथरीविषयी कुणी बोलत नाही. पॅशन फ्रूटला तर मोठ्या अंगाचा भुंगाच लागतो, कारण लहान माशी मध पिऊन जाते आणि तिची पाठ वरच्या परागकोशाला लागतच नाही. भुंगा सदैव सज्जन असतो असे मात्र नाही. लांब नळीच्या फुलाला तो बुडाशी चीर देतो आणि पराग न हलवता मध पळवतो. म्हणून नोंदीत ‘फुलावर होता’ एवढे लिहून भागत नाही. तोंडाने आत शिरला की बाहेरून चिरले, हेही लिहावे.

प्रत्यक्ष नोंदीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, झाडाचे नाव आणि छायाचित्रे असतात. छायाचित्र पाठीवरून एक, बाजूने एक आणि जमल्यास चेहऱ्याचे. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर ती टाकता येतात, आणि जाणकार ओळख पटवतात किंवा खोडतात. दाट कुळागरात मोबाइलचा ठिकाणबिंदू बराच सरकतो, तेव्हा वाड्याचे नाव हाताने लिहिलेले बरे. आग्या माशीचे पोळे किंवा पोयाच्या (डंख नसलेल्या बारीक) माशीची ढोली सापडली तर नेमका बिंदू जाहीर करू नये, मध काढणारे तेथे पोहोचतात.

गोव्याचे क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर. दोन किलोमीटर बाजूच्या चौकटी आखल्या तर सव्वानऊशेच्या आसपास चौकटी होतात. हे आवाक्यातले काम वाटते, पण नोंदी जगभर जिथे माणसे जातात तिथेच जमतात: रस्त्याकडेला, रविवारी, ऊन असताना. नकाशावर किनारा गजबजलेला आणि सत्तरी-सांगे-काणकोणचा डोंगराळ भाग मोकळा दिसला, तर माश्या समुद्राकाठी राहतात असा अर्थ निघत नाही. कोरी चौकट म्हणजे ‘भुंगा नाही’ असेल किंवा ‘कुणी गेलेच नाही’ असेल. दोन्हींना नकाशात वेगळा रंग हवा. त्यासाठी तासभर पाहून काहीच दिसले नाही, ही नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे भरावी लागते. नवशिक्यांना हे सर्वात जड जाते. पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. जून ते सप्टेंबर माणसेही कमी फिरतात आणि माश्याही, पण सडे (जांभ्या खडकाची पठारे) फुलतात ते याच दिवसांत. ब्रिटनचे मार्च-ऑक्टोबरचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे उचलले तर काजूच्या मोहोराचा मार्चआधीचा मोठा भाग हातातून जाईल.

आणखी एक कोरी जागा रात्रीची. सह्याद्रीत झायलोकोपा ट्रँकेबारिका हा भुंगा अंधारात, चंद्र नसतानाही उडतो. हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या संशोधकांनी भीमाशंकरच्या रानात वारस या झाडाच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर झायलोकोपा टेनुइस्कापा या दुसऱ्या भुंग्याचे परागण अभ्यासले आणि ते २००१ मध्ये प्रसिद्ध केले. फक्त दिवसा भरलेल्या नकाशात असा रात्रपाळीचा कामगार कधीच येणार नाही.

नकाशाचा उपयोग निर्णय घेताना होतो. चिऱ्यांची खाण किंवा बांधकाम यांसाठी सडा मोकळा करताना तिथे जमिनीत बिळे करणाऱ्या माश्या आहेत का, हे कागदावर असेल तरच कुणी विचारते. मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात आणि आसपास वणवे लागले. अशा आगीत वाळलेले लाकूड आधी जाते, आणि भुंग्याचे घर तेच. आगीपूर्वीची नोंद नसेल तर नुकसान मोजायला आधार उरत नाही. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात भुंग्यांची भोके असलेल्या झाडांना एक पान द्यायला हरकत नसावी. देवराईतले वठलेले झाड ‘साफसफाई’त तोडण्याची घाईही त्यामुळे थोडी कमी होईल. चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला) बांधली जाणारी रानफळे मोजायला घेतली, तर त्यांतली बरीचशी कुणा ना कुणा कीटकाच्या भेटीनेच धरलेली निघतील.

घरच्या घरी नोंद सुरू करण्याचा सोपा मार्ग बांबूचा. एका टोकाला गाठ असलेले, बोटभर पोकळीचे वीतभर तुकडे जुडी करून पडवीच्या वळचणीला, पाऊस न लागेल असे आडवे बांधावेत. भुंग्याला ते आवडतीलच असे नाही. पानाचे गोल तुकडे आणून तोंड बंद करणारी पानकापी माशीच आधी येण्याचा संभव आहे, आणि तीही नोंदवायची. एखाद्या सकाळी जुडीखाली पिवळसर भुसा दिसला, की ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर टिपून ठेवावी.